एकाच घरात दोन वाटा
बोलतोय लिंबागणेशमधून, पण गोष्ट शेजारच्या नगरची. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. मग नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं सांभाळूनच. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं. १९१९ मध्ये ते गेले. अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ही त्यांचंच. घरातल्या सगळ्यांची श्रद्धा एकाच दिवशी अपडेट होत नाही, हो ना? ज्याला त्याला आपला वेळ द्यावा लागतो. टिळकांच्या घराने तो दिला.