गॅस गळलाच नव्हता

थंडी पडायला लागली की नर्सी नामदेव आणि आसपासच्या गावांत गॅस गिझर बसवायची कामं निघतात, आणि दर हिवाळ्यात एकच वाक्य कानावर येतं: "गॅस लीक झाला तर वास येतोच की! वास आला की बंद करायचा अन् बाहेर निघायचं." मिस्त्री हे सांगतो, दुकानदार सांगतो, घरातली शिकलेली पोरंही सांगतात. या भरवशावर चार बाय सहाच्या बाथरूममध्ये गिझर टांगला जातो, गार वारं येतं म्हणून झरोक्याला पुठ्ठा लागतो आणि दाराला आतून कडी.

हे वाक्य धडधडीत चुकीचं आहे. बाथरूममध्ये गिझरमुळे माणूस दगावतो तेव्हा बहुतेक वेळा गॅस गळलेलाच नसतो. तो नीट पेटलेला असतो, पाणी गरम येत असतं, सगळं ठीकठाक दिसत असतं. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. गॅस जळताना हे द्रव्यही ज्योतीत जळून जातं. मग वास येणार कशाचा? जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. हा वायू सिलिंडरमध्ये नसतो. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळाला की तो ज्योतीतच तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना किंवा घशाला तो झोंबतही नाही.

या बाबतीत वर्तमानपत्रांवर माझा राग आहे. 'गिझरमधील गॅसगळतीने मृत्यू' असा मथळा दर हिवाळ्यात छापला जातो. तो वाचून लोक रबरी नळी बदलतात, रेग्युलेटर तपासतात आणि गिझर होता तिथंच ठेवतात. नळी तपासावीच, पण ती नवी कोरी असली तरी बंद बाथरूममधला धोका तेवढाच राहतो.

आता साधा हिशोब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवत असेल, तर मिनिटाला १५-१६ ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस पुरता जळायला सुमारे २०० लिटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मिळून हवा असते साधारण ५,४०० लिटर. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर एकटाच तिथल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. शिवाय आपण श्वास घेत असतो, आणि वाफ व जळलेले वायू उरलेल्या हवेत मिसळत असतात. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, पण ती पुरत नाही. ऑक्सिजन घटला की ज्योत अपुरी जळते, कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. एकापाठोपाठ आंघोळी असतील तर पहिल्याने वापरलेली हवा बदलायच्या आत दुसरा आत शिरतो. परतवारीच्या यात्रेला नर्सीत घरोघर पाहुणे उतरतात, तेव्हा हे हमखास होतं. पाचव्या-सहाव्या माणसाच्या वाट्याला काय येतं, याचा विचार कोणी करत नाही.

शरीरात गेल्यावर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, तोही ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार घरातल्या हवेत हा वायू घनमीटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर त्यात जास्तीत जास्त १५ मिनिटं थांबावं. तासभर थांबायचं तर मर्यादा ३५ मिलिग्रॅमवर येते. हवेत त्याचं प्रमाण सव्वा टक्क्यावर गेलं तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. त्याच्या खूप खाली असलं तरी डोकं जड होतं, चक्कर येते, पायांतलं बळ जातं. "चक्कर आली तर कडी काढून बाहेर येऊ" म्हणणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: धोका कळायच्या आधी हातपाय गळालेले असतात. काहींना आकडी येते आणि घरचे ती अपस्माराची समजतात. काही जण खाली पडलेले सापडतात आणि 'पाय घसरला' किंवा 'हार्ट अटॅक आला' असं ठरतं. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांवर लेख लिहिलेत आणि या प्रकाराला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावही दिलंय. वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती आणि हालचाल पुढे कायमची बिघडते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "बाहेर बसवायला जागाच नाही." ही अडचण खोटी नाही. गावठाणात घर घराला खेटून असतं आणि नवीन स्लॅबच्या घरातही बाथरूमच्या वाट्याला जिन्याखालचा कोपरा येतो. लाइटचा भरवसा नाही, म्हणून विजेचा गिझर नको वाटतो, हेही मी समजू शकतो. पण खोली जितकी लहान तितका गिझर आत नको, इतकं हे सरळ आहे. लोक मात्र नेमकं उलटं करतात: जागा अपुरी म्हणून गिझर आतच.

बाहेर लावला तर पाणी येईपर्यंत थंड होतं म्हणे. अर्ध्या इंची नळीच्या दहा फुटांत जेमतेम ४०० मिली पाणी मावतं. ६ लिटरच्या धारेला ते चार सेकंदांचं काम आहे. नळीवर फोमचं आवरण चढवलं की तेवढीही तक्रार राहत नाही. पहाटे बाहेर जाऊन पेटवावा लागतो, हाही गैरसमज. आजचे बहुतेक गिझर पाण्याचा प्रवाह सुरू झाला की सेलवर आपोआप पेटतात, नळ बंद केला की विझतात. मागची भिंत, उघडा बोळ, एका बाजूनं मोकळा जिना, गच्चीचा कठडा यांपैकी काहीतरी बहुतेक घरांत सापडतं. फक्त बाथरूमच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली नको, नाहीतर जळालेले वायू तिथून आत येतील. बोळावर पत्रा टाकून चारी बाजू बंद केल्या असतील तर तीही खोलीच झाली. पावसावाऱ्यासाठी गिझरभोवती डबा करायचा तर खालून-वरून उघडा ठेवा. एवढं करूनही जागा निघत नसेल तर गॅसचा गिझर घेऊ नका. सोलर आहे, चुलीवर तापवलेलं पाणी आहे, अंगणातला तांब्याचा बंबही आहे, आणि तो अंगणातच ठेवावा.

कोणीतरी विचारतंच, "मग परदेशात घरात कसे बसवतात?" इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांकडे स्वयंपाकघरातल्या अरुंद कपाटात अख्खं घर गरम करणारा बॉयलर असतो, हे खरं आहे. पण त्याची ज्योत खोलीतल्या हवेला शिवतही नाही. आजच्या अशा बॉयलरला सहसा भिंतीतून बाहेर जाणारी दुहेरी नळी असते: एकीतून बाहेरची हवा आत येते, दुसरीतून जळालेले वायू बाहेर जातात. ब्रिटनच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये असं सीलबंद उपकरणच चालतं. आपल्याकडच्या छोट्या गिझरना बहुधा धुराडं नसतं. जळालेले वायू वरच्या फटींतून सरळ खोलीत येतात. कंपनीच्या पुस्तिकेतही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा असं सहसा छापलेलं असतं. ती पुस्तिका बसवणाऱ्यानं वाचली का, हे विचारायला लाजू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ज्योत निळी आहे म्हणजे सगळं ठीक, असं नाही; आंघोळ चालू असताना ज्योत बघतं कोण? ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गिझर त्याआधीच पुरेसा वायू सोडू शकतो. एक्झॉस्ट फॅन चांगला, पण ताजी हवा यायला वाट नसेल तर तो बाहेर काढणार काय? 'गॅस जड असतो, खाली बसतो' हे एलपीजीबद्दल बरोबर आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर पसरतो. तोंडाला ओला रुमाल बांधून तो अडत नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तरी हाच वायू निघतो, आणि तिथं तान्हं बाळ असतं.

कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडकी सताड उघडा, श्वास रोखून त्याला बाहेर ओढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. बाहेरच्या हवेत शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका. नुसत्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. दवाखान्यात पोहोचताच पहिल्या वाक्यात सांगा: बाथरूम बंद होतं, आत गॅसचा गिझर चालू होता. डॉक्टरांना हे कळलं नाही तर उपचार फिट किंवा हृदयविकाराच्या दिशेने सुरू होतील आणि ऑक्सिजनला उशीर होईल.