टूवे यान्सन : चित्र, प्रेम आणि कामाची खोली

फिनलंडमधील स्वीडिशभाषक अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या टूवे यान्सन (१९१४–२००१) यांना जग ओळखते ते मूमिन या गुबगुबीत, पांढऱ्या, पाणघोड्यासारख्या तोंडाच्या काल्पनिक प्राण्यांच्या कुटुंबकथांमुळे. त्या स्वतःला मात्र सर्वप्रथम चित्रकार समजत आणि मूमिनच्या कीर्तीने आपल्या चित्रकारितेचा वेळ खाल्ला अशी रुखरुख त्यांना दीर्घकाळ होती. त्यांच्या चरित्रात पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, मोडलेली लग्नाची बोलणी आहेत आणि पंचेचाळीस वर्षे टिकलेले सहजीवनही आहे. हे सारे केवळ ‘बंडखोरी’ या एका सदरात टाकले, तर त्यामागची अट नजरेआड होते. सोबत हवी, पण कामाची खोली आपलीच राहिली पाहिजे, हे ते सूत्र होते.

त्याची पाळेमुळे हेलसिंकीतील घरात आहेत. वडील विक्टर यान्सन शिल्पकार होते. आई सिग्ने हामारस्टेन मूळच्या स्वीडनच्या आणि त्यांनीही शिल्पकलेचे शिक्षण घेतलेले. लग्नानंतर मात्र शिल्प वडिलांकडे राहिले आणि घर चालवण्यासाठी पुस्तकांची मुखपृष्ठे, मासिकांतील रेखाचित्रे व फिनलंडची टपाल तिकिटे काढण्याचे काम आईकडे आले. आईवर टूवे यांचा अतोनात जीव होता, त्यामुळे तिच्या या तडजोडीचा हिशेब त्यांनी लहानपणापासून मांडलेला असावा. लग्न केले तर आपण एक तर वाईट चित्रकार होऊ किंवा वाईट पत्नी, अशा आशयाचे विचार त्यांच्या तरुणपणीच्या पत्रांत वारंवार येतात. त्यात महायुद्धाची भर पडली. रणांगणावर मारले जाण्यासाठी मुलगे जन्माला घालायचे नाहीत, असेही त्यांनी ठरवले. जर्मनीकडे झुकलेल्या वडिलांशी त्यांचे खटके उडत, आणि ज्या ‘गार्म’ या व्यंगचित्रप्रधान नियतकालिकासाठी आई चित्रे काढत असे, त्याच ‘गार्म’मध्ये १९३८ साली टूवे यांनी हिटलरला केकसाठी भोकाड पसरणाऱ्या हट्टी पोराच्या रूपात रंगवले. पुढे याच नियतकालिकातील चित्रांच्या कोपऱ्यात, सहीच्या जवळपास, लांब नाकाचा एक छोटा प्राणी डोकावू लागला. तोच मूमिनचा पूर्वावतार.

युद्धाच्या शेवटच्या वर्षांत आतोस विर्तानेन या डाव्या विचारांच्या खासदार-पत्रकाराशी त्यांचे नाते जुळले. विवाहावाचूनचे हे उघड संबंध त्या काळच्या हेलसिंकीत पुरेसे धक्कादायक होते. लग्नाचा विषय निघाला, पण ते झाले नाही. विर्तानेन यांच्याच वृत्तपत्रातून १९४७–४८ मध्ये मूमिनची पहिली चित्रमालिका प्रसिद्ध झाली, आणि मूमिनकथांतला स्नुफ्किन, म्हणजे मालमत्ता न बाळगणारा, पाइप ओढणारा, मनाला येईल तेव्हा चालू पडणारा भटक्या, त्यांच्यावरूनच बेतला असे मानले जाते.

१९४६ च्या अखेरीस विविका बांडलर या विवाहित नाट्यदिग्दर्शिकेच्या प्रेमात टूवे पडल्या. फिनलंडचा कायदा त्या वेळी पुरुषांइतकेच स्त्रियांचे समलिंगी संबंधही गुन्हा मानत असे. ती तरतूद १९७१ मध्ये रद्द झाली आणि आजारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली गेली ती १९८१ मध्ये. साहजिकच पत्रे आणि दूरध्वनी सांकेतिक भाषेत चालत. पण लपवण्याची सक्ती असलेली ही गोष्ट टूवे यांनी भर चौकात मांडली, आणि इथेच त्यांच्यातली चित्रकर्ती विशेष चतुर दिसते. हेलसिंकीच्या नगरसभागृहातील उपाहारगृहासाठी १९४७ मध्ये काढलेल्या भव्य भित्तिचित्रात विविका नाचताना दिसतात, तर समोरच्या टेबलाशी स्वतः टूवे बसलेल्या आहेत. हे चित्र आता हेलसिंकी कलासंग्रहालयात आहे. १९४८ च्या मूमिन-पुस्तकात टॉफ्सलान आणि विफ्सलान ही चिमुकली जोडी अवतरते. टूवे आणि विविका यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून रचलेली ही पात्रे फक्त एकमेकांना नीट कळेल अशी बोली बोलतात आणि एका पेटीत तेजस्वी माणिक दडवून हिंडतात. अखेरच्या मेजवानीत ती पेटी सर्वांसमोर उघडली जाते. मुलांना यात गंमत दिसली, आणि ज्यांना कळायचे त्यांना कळले. प्रेमाची ही ओढ थोडक्यात आटोपली, मैत्री मात्र संपली नाही. १९४९ मध्ये मूमिनचे पहिले नाटक रंगमंचावर आले तेव्हा दिग्दर्शिका विविकाच होत्या. जुन्या प्रियजनांना आयुष्याबाहेर न घालवता सहकारी करून घेण्याची ही हातोटी, खरे तर, त्यांच्या नात्यांतली सर्वांत असाधारण बाब म्हणावी लागेल.

१९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हिनिंग न्यूज’ या दैनिकात मूमिनची चित्रपट्टी येऊ लागली. पैसा आला, पण आठवड्याला सहा पट्ट्यांच्या रतिबाने टूवे पार थकल्या. याच सुमारास, १९५५ च्या नाताळात, कलावंतांच्या एका मेळाव्यात टुउलिक्की पिएतिला या मुद्राचित्रकर्तीशी, म्हणजे पाटा कोरून कागदावर छाप घेण्याच्या कलेत पारंगत असलेल्या कलावतीशी, त्यांचे सूर जुळले. १९५७ च्या हिवाळ्यावरील मूमिन-पुस्तकात टू-टिकी नावाचे शहाणे, खटपटे पात्र येते आणि बर्फात एकटा जागा झालेल्या मूमिनला धीर देते. ते टुउलिक्कींचे शब्दचित्र होय. कराराची सात वर्षे संपताच टूवे यांनी चित्रपट्टी सोडली आणि धाकटे भाऊ लार्स यांनी ती १९७५ पर्यंत चालवली.

दोघींनी एक घर केले नाही. हेलसिंकीत त्यांच्या चित्रशाळा स्वतंत्र होत्या आणि मधे माळ्यावरची वाट होती. उन्हाळे मात्र क्लोव्हहारू या फिनलंडच्या आखातातील उघड्या खडकाळ बेटावर, १९६० च्या दशकात बांधलेल्या एका खोलीच्या झोपडीत, वीज आणि नळाच्या पाण्यावाचून जात; तिथे टूवे लिहीत, टुउलिक्की चित्रे काढत व कॅमेऱ्याने चित्रण करत. या संबंधांची त्यांनी घोषणा केली नाही आणि ते लपवलेही नाहीत. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वातंत्र्यदिन समारंभाला दोघी जोडीने गेल्या. त्याआधी, १९८९ साली, पंचाहत्तरीत आलेल्या टूवे यांचे ‘रेन्ट स्पेल’ हे छोटेखानी पुस्तक निघाले होते. त्यातही एकाच इमारतीच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन कलावती आहेत, त्या चित्रपट पाहतात, भांडतात, एकमेकींच्या कामात दोष काढतात, आणि शेवटच्या कथेत एकीला पॅरिसमध्ये वर्षभरासाठी चित्रशाळा देऊ केली जाते, तेव्हा दुसरी तिला थांबवत नाही. उलट एकटेपणी आपल्यालाही मनासारखे काम करता येईल, हे जाणवून ती मनोमन सुखावते.