निळी वायर : घरातली वेगळी, विहिरीवरची वेगळी



उसाला पाण्याची पाळी असते आणि नेमकी तेव्हाच मोटार बंद पडते. वायरमन लवकर मिळत नाही, मग आपणच स्टार्टरचे झाकण उघडतो. म्हणून वायरींच्या रंगांविषयी थोडे सांगणे जरूर वाटते.

आपल्याकडे थ्री फेज लाईनचे तीन फेज तांबडा, पिवळा व निळा या रंगांनी दाखवतात. काळी वायर न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. पाणबुडी मोटारीच्या चपट्या केबलमध्येही तांबडी, पिवळी, निळी अशाच वायरी असतात. तिन्ही जिवंत! कोणत्याही दोहोंमध्ये सुमारे ४१५ व्होल्टचा दाब असतो.

आता घरातल्या इस्त्रीची वायर पाहा. तीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. म्हणजे घरात जी निळी न्यूट्रल, तीच विहिरीवर फेज! "निळीत काय करंट असतो?" असे म्हणून हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

असे का? आपली तांबडी-पिवळी-निळी पद्धत जुन्या ब्रिटिश पद्धतीवरून आली, तर इस्त्रीच्या वायरीचे रंग युरोपातल्या पद्धतीचे. खुद्द ब्रिटनने २००४ साली आपले रंग बदलले. तिथे आता फेज तपकिरी, काळा व करडा आणि न्यूट्रल निळा.

आणखी एक. मोटार उलटी फिरली की आपण दोन फेज अदलून-बदलून जोडतो. मोटार सुलट फिरते, पण पिवळ्या जागी तांबडी वायर जाते. शिवाय एक फ्यूज उडाला आणि स्टार्टर लागलेला असला, तर मोटारीच्या वायंडिंगमधून त्या 'मेलेल्या' वायरीतही करंट परत येतो. म्हणून रंग ही नुसती खूण, खात्री नव्हे.

तेव्हा एवढे पाळा :

१. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा व ते स्वतःजवळ ठेवा.

२. टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो का पाहा, मग तिन्ही वायरी तपासा.

३. फेज आणि अर्थिंगवर दिवा लावू नका. अर्थिंग तुटले तर मोटारीच्या अंगात करंट उतरतो.

४. जोड देताना रंगाला रंग जोडा. हिरवी वायर अर्थिंगखेरीज कशालाही वापरू नका.

५. डीपीवरचे काम लाईनमनचेच. तिथे आपण हात घालू नये.

पाण्याची पाळी एक दिवस चुकली तर ऊस तग धरील. घरचा कर्ता माणूस गेला तर घर कसे तग धरणार?