अटॅकनंतर हृदयाची कवायत

हार्ट अटॅक येऊन गेला की घरात एक जाडजूड फाइल तयार होते. अब्बांची असो की खालांची, त्या फाइलीत इकोचा रिपोर्ट असतो आणि त्यातला एक आकडा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतो. तो म्हणजे ई.एफ. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते हा आकडा सांगतो. ५५ च्या वर असला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

याच आकड्यावर आणखी एक निर्णय अवलंबून असतो. अटॅकला ४० दिवस उलटून, औषधे नीट चालू असूनही ई.एफ. ३५ किंवा त्याहून कमी राहिला, तर डॉक्टर आयसीडीचा विचार करतात. छातीवर कातडीखाली बसवलेले हे छोटे यंत्र हृदयाची जीवघेणी लय ओळखते आणि गरज पडल्यास झटका देऊन ती मोडते. यंत्र महाग. ते बसवलेल्या अनेकांना त्याची कधी गरजच पडत नाही. उलट अटॅकनंतर अचानक दगावणाऱ्यांत ३५ च्या वर ई.एफ. असलेलेच जास्त असतात, कारण मुळात असे रुग्णच संख्येने खूप आहेत. मग धोका कोणाला, हे ओळखायचे कसे?

आम्ही शाळेत कवायत घेतो. शिट्टी वाजली की सगळे हात एकदम वर गेले पाहिजेत. पाच-सहा मुले मागे राहिली, तरी लांबून पाहणाऱ्याला रांग ठीकच दिसते. ई.एफ. असाच लांबून पाहतो. अटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मरतो तिथे व्रण राहतो. व्रणाच्या कडेला जिवंत आणि मेलेले धागे मिसळलेले असतात. तिथून विजेचा संदेश रेंगाळत जातो, म्हणून तो भाग उशिरा आकुंचन पावतो. हाच रेंगाळलेला संदेश कधी गोल फिरू लागतो आणि हृदयाची लय बिघडते.

हा उशीर इकोवरच मोजता येतो. सोनोग्राफीच्या चित्रात स्नायूवर बारीक ठिपके दिसतात. संगणक त्यांचा माग काढतो. डाव्या कप्प्याचे १६ भाग पाडायचे आणि ईसीजीवर ठोका सुरू झाल्यापासून प्रत्येक भाग पुरता आखडेपर्यंत किती मिलिसेकंद गेले ते पाहायचे. मग या १६ वेळांचे प्रमाण विचलन काढायचे. (गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.) सुई नाही, चिरफाड नाही.

नॉर्वेत ऑस्लो येथील क्रिस्टिना हौगा व सहकाऱ्यांनी २०१० साली आयसीडी बसवलेल्या ८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रातच नोंद राहत असल्यामुळे लय कोणाची बिघडली, यात वादाला जागा नव्हती. सरासरी सव्वादोन वर्षांत ३८ जणांना यंत्राच्या उपचाराची गरज पडली. त्यांचे विचलन सरासरी ८५ मिलिसेकंद निघाले, बाकीच्यांचे ५६. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे, पण रुग्ण थोडे होते हे विसरू नये.

म्हणून लगेच डॉक्टरांकडे या तपासणीचा हट्ट धरावा, असे आम्हाला वाटत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर आकडे थोडे वेगळे येतात, ठोके अनियमित असले तर मोजमाप फसते आणि आयसीडीचा निर्णय आजही मुख्यतः ई.एफ.वरच होतो. मात्र ई.एफ. चांगला आहे म्हणून गोळ्या मनाने बंद करणे, हे आम्ही ओळखीच्या घरांतून वारंवार पाहतो, ते धोक्याचे आहे. रुग्णाला अचानक धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. ई.एफ. ५० असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना फाइल सोबत न्यावी.