मैदानालाही हवी सुट्टी!

आयपीएलची मॅच, बेंगळुरूत धो धो पाऊस आणि तुम्ही मोबाइलला चिकटून बसलेले. पाऊस थांबतो आणि थोड्याच वेळात चिन्नास्वामी स्टेडियम खेळायला तयार! ही कमाल जमिनीखालच्या ‘सबएअर’ यंत्रणेची. २०१७मध्ये ती तिथे बसवली गेली. मातीतलं पाणी ती पाइपांमधून खेचून घेते. पण ही आयडिया मूळची क्रिकेटची नाहीच. ती आली गोल्फमधून, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सवरून.

गोल्फ म्हटलं की ‘श्रीमंतांचा खेळ’ म्हणून आपण पान उलटतो. जरा थांबा. खेळ राहू दे बाजूला, त्या हिरवळीखाली काय चालतं ते बघा.

गवत झोपतं तेव्हा...

ब्रिटनमध्ये गोल्फ कोर्सच्या डागडुजीचा खरा सीझन म्हणजे हिवाळा. जमिनीचं तापमान साधारण ६ अंशांच्या खाली गेलं की गवताची वाढ जवळपास थांबते. फटका मारताना उडालेला हिरवळीचा तुकडा उन्हाळ्यात काही आठवड्यांत भरून येतो, पण डिसेंबरमधली जखम वसंतापर्यंत तशीच राहते. म्हणूनच स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’वर हिवाळ्यात खेळाडूंच्या हातात छोटी मॅट दिली जाते. फेअरवेवर चेंडू त्या मॅटवर ठेवायचा आणि मगच मारायचा. जगाच्या दुसऱ्या टोकावरून आलात तरी नियम तोच!

दहिवर गोठलेलं असेल तर खेळच थांबतो. गवताच्या पेशींमधलं पाणी गोठलेलं असतं. त्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि काही दिवसांनी तिथे बुटांचे तपकिरी ठसे उमटतात.

पाण्याला वाट, मुळांना हवा

चिकणमातीच्या कोर्सवर हिवाळ्यात पाणी साचतं. मग चर खणायचे, त्यांना नीट उतार द्यायचा, भोकं असलेले पाइप टाकायचे, वर खडी आणि वाळू भरायची. मधोमध एक मुख्य पाइप आणि त्याला येऊन मिळणारे बाजूचे पाइप, अगदी पिंपळपानाच्या शिरांसारखे. उतार चुकला तर सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः!

जिथे चेंडू होलमध्ये ढकलतात, त्या ‘ग्रीन’चं बांधकाम तर आणखी काटेकोर. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६०मध्ये त्याची पद्धत घालून दिली : खाली सुमारे १० सेंटिमीटर खडी, वर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. सतत पाय पडून माती घट्ट झाली की मुळं गुदमरतात. मग पोकळ सळ्यांच्या यंत्राने मातीच्या बारीक गुंडाळ्या उपसून काढतात आणि त्या भोकांत वाळू भरतात. एकोणिसाव्या शतकात ओल्ड कोर्सची देखभाल करणारे ओल्ड टॉम मॉरिस तर या वाळूच्या आग्रहासाठीच ओळखले जायचे. त्यांचा दुसरा आग्रह विश्रांतीचा. आजही मोठ्या स्पर्धा वगळता ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो. गावकरी तिथे कुत्र्यांना घेऊन फिरतात.

आणि आपलं मैदान?

आता तुमच्या गल्लीजवळचं मैदान डोळ्यांसमोर आणा. सोमवारी टेनिस बॉलची टुर्नामेंट, बुधवारी लग्नाचा मांडव, शनिवारी पार्किंग. मांडवाचे खड्डे बुजवतं कोण? सुट्टी देतं कोण? पावसाळ्यात तळं, उन्हाळ्यात धुरळा आणि मग आपणच म्हणतो, ‘खेळायला जागाच नाही यार!’

सबएअर आपल्या आवाक्यात नाही, हे मान्य. पण खड्ड्यात दोन घमेली माती टाकून ती दाबायला किती वेळ लागतो? जोरदार पावसानंतर एक दिवस मॅच पुढे ढकलणं तर फुकटच आहे. तुमच्या ग्रुपवर या रविवारचा प्लॅन ठरत असेल, तर बॅटसोबत एक फावडंही घेऊन जा.