विद्युतीकरणाच्या कामात लेखन किती असावे?

इमारतीच्या विद्युतीकरणासाठी आराखडे, तक्ते व टिपणे किती असावीत, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा आहे. परंतु आराखडा हे एकाने दुसऱ्यास उद्देशून केलेले विधानच होय; म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रत्येक विधान श्रोत्याच्या पूर्वज्ञानावर विसंबून असते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने येते. ते पुन्हा उच्चारावे लागत नाही. विद्युत्-संहितेचे कार्यही काहीसे असेच आहे. दिवे, पंखे व लहान सॉकेट यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत आणि भार 800 वॅटपेक्षा अधिक नसावा, हा भारतातील रूढ संकेत जाणत्या वायरमनला ठाऊक असतो. तो प्रत्येक खोलीच्या नकाशावर लिहिल्याने नकाशा अधिक स्पष्ट होत नाही. उलट खरी महत्त्वाची सूचना त्या गर्दीत हरवते.

मात्र अनुवृत्ती चालण्यास वक्ता व श्रोता यांचा संकेत एकच असावा लागतो. या दृष्टीने ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील इमारतींच्या वायरिंगमध्ये पूर्वी तीन फेजच्या तारा तांबड्या, पिवळ्या व निळ्या, तर न्यूट्रलची तार काळी असे. 2004 मध्ये नवी रंगयोजना आली: फेजसाठी तपकिरी, काळा व करडा, आणि न्यूट्रलसाठी निळा. म्हणजे काळ्या व निळ्या तारांनी आपापले अर्थ बदलले. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे तत्त्व आपण वर्गात शब्दांच्या आधारे शिकवितो. येथे त्याचा विसर पडल्यास जीव जाऊ शकतो. म्हणून जुनी व नवी वायरिंग एकत्र असेल तेथे डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर इशारा लावण्याचा नियम झाला. एक लहानशी पट्टी. परंतु तिच्यावाचून भागत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. भिंतीतील पाइप प्लास्टरखाली गेला की त्याचा मार्ग कागदावरच उरतो. त्या कागदाचा खरा वाचक पुष्कळदा दहा वर्षांनी भिंतीस भोक पाडणारा कारागीर असतो. त्याला मूळ योजनेपेक्षा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा हवा असतो. बांधकामाच्या वेळी मार्ग बदलला आणि नकाशा तसाच राहिला, तर तो नकाशा नसल्यापेक्षाही घातक. कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

तिसरी गोष्ट निर्णयाची. ब्रेकरवर त्याचा अँपिअरचा आकडा छापलेला असतो. तोच का निवडला, हे मात्र त्यावर नसते. लहान घरात ते कारण सहज ताडता येते. रुग्णालयात एका वॉर्डातील दोषामुळे शस्त्रक्रियागृहाचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून ब्रेकरांचा क्रम हिशेबाने ठरविलेला असतो; तो हिशेब जपून ठेवला नाही, तर पुढे ब्रेकर बदलणारा नकळत तो क्रम मोडील.

तात्पर्य, लेखनाचे प्रमाण कामाच्या खर्चावरून किंवा पानांच्या संख्येवरून ठरवू नये. संहितेतून कळते ते गृहीत धरावे, डोळ्यांस दिसते ते थोडक्यात नोंदवावे. जे झाकले जाते, जे संकेताहून वेगळे आहे व ज्याचे कारण वस्तूवरून उमगत नाही, ते मात्र अवश्य लिहावे.