मिरजेची तंतुवाद्ये

महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील मिरज या शहरात हाताने घडविल्या जाणाऱ्या तंबोरा, सतार, वीणा, दिलरुबा इत्यादी वाद्यांना मिरजेची तंतुवाद्ये असे म्हटले जाते. यांपैकी तंबोऱ्यासाठी हे शहर विशेष प्रसिद्ध आहे. हा व्यवसाय सुमारे पावणेदोनशे वर्षांचा असून तो मुख्यतः काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

इतिहास

या व्यवसायाचे मूळ शिकलगार समाजात आहे. शस्त्रांना धार लावणे व त्यांना झिलई देणे हे शिकलगारांचे परंपरागत काम होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल स्थिरावला आणि शस्त्रांची मागणी ओसरली. त्याच काळात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गायक-वादकांचे येणे-जाणे वाढले होते. परंपरेने असे मानले जाते की, फरीदसाहेब शिकलगार यांनी इ.स. १८५० च्या सुमारास येथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पुढे या घराण्यांतील अनेकांनी ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले. वाद्यनिर्मात्यांची वस्ती असलेली गल्लीही सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाते.

मिरजेच्या सांगीतिक वातावरणाने या कलेचे पोषण केले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी येथे अध्यापन केले आणि विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण त्यांच्याकडेच झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घकाळ वास्तव्य येथे होते. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात आजही गायक-वादक हजेरी लावतात. कारागिराच्या दारातच जाणकार गवई असल्यामुळे वाद्याचा दोष लगेच कळे व तो सुधारता येई.

घडण

तंबोऱ्याच्या तळाशी असणारा भोपळा हा या वाद्याचा नादकोश होय. हा भोपळा कडू जातीचा असून सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर व मंगळवेढा या परिसरात त्याची लागवड होते. मोठ्या घेराचा, जाड सालीचा आणि सुडौल भोपळा मिळणे हे पाऊसपाणी व शेतकऱ्याची निगराणी यांवर अवलंबून असते. पूर्ण वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून त्यातील गर व बिया काढतात आणि त्याला आकार देतात. गळा, तबली आणि पोकळ दांडी यांसाठी मुख्यतः तून जातीचे लाकूड वापरले जाते. जोडकाम झाल्यावर नक्षी कोरून लाखेची झिलई देतात. पूर्वी सजावटीत हस्तिदंताचा वापर होई. त्याची जागा पुढे सेल्युलॉइडने घेतली.

शेवटचा आणि सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे जवारी. ज्या रुंद घोडीवरून तारा जातात, तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. छेडलेली तार या उतारावर हलकेच टेकते व सुटते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. तार व घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवून योग्य जागा साधली की नाद ‘खुलतो’. खर्जाच्या तारेतून न लावलेला गांधार ऐकू येतो, तो याच कारणामुळे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तंबोरा व वीणा यांच्या घोडीचे हे वैशिष्ट्य शास्त्रीय दृष्टीने स्पष्ट केले. जवारी लावण्यासाठी कोणतेही मोजमाप पुरेसे पडत नाही. कानच प्रमाण मानावा लागतो.

ग्राहकाची निवड

तंबोरा घेण्यास आलेल्या ग्राहकाला दुकानदार प्रथम पट्टी विचारतो. पुरुष गायक सामान्यतः पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत, तर स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. त्यानुसार मर्दानी व जनानी असे तंबोऱ्याचे दोन प्रकार असून मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा अधिक मोठा व दांडी अधिक लांब असते. तारांची जाडीही पट्टीप्रमाणे बदलते. सतारीच्या बाबतीत निवड वादनशैलीवर ठरते. रविशंकर यांच्या शैलीच्या सतारीला खर्जाच्या तारा असतात व बहुधा दांडीच्या वरच्या टोकाला दुसरा भोपळा असतो. विलायत खाँ यांच्या गायकी अंगाच्या सतारीत खर्जाची तार नसते व भोपळा एकच असतो.

बदलती अभिरुची

वाद्यांच्या दुकानातील मांडणी पाहिली असता समाजाच्या आवडीनिवडीचा इतिहास वाचता येतो. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ यांनी एकस्व घेतलेली हार्मोनियम भारतात आली आणि हातपेटीच्या रूपाने घरोघरी पोहोचली. संगीत नाटकांनी पायपेटीला व ऑर्गनला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९४० साली नभोवाणीने पेटीवर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. तरीही भजनी मंडळे आणि गायनवर्ग यांतून तिचा खप चालूच राहिला. साथीला पेटी आली तरी तंबोरा मात्र अपरिहार्य होता. १९६० च्या दशकात रविशंकर यांच्या कार्यक्रमांमुळे पाश्चात्त्य देशांत सतारीचे आकर्षण वाढले आणि भारतीय वाद्यांना परदेशी ग्राहक लाभले.

तंबोऱ्याला खरा स्पर्धक विद्युत तंत्रज्ञानातून लाभला. बंगळूर येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. तो आकाराने लहान, प्रवासास सोयीचा होता. जुळविण्याचे कष्ट नव्हते व साथीदाराची गरजही उरली नाही. पुढे हेच काम भ्रमणध्वनीवरील उपयोजने करू लागली. दुकानांत गिटार आणि कीबोर्ड यांनी दर्शनी जागा व्यापली. मराठी घरांत तर कोणत्याही कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणण्याची रीत पडली. या स्पर्धेला उत्तर म्हणून कारागिरांनी भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पेटीचे, प्रवासात न फुटणारे छोटे तंबोरे घडविले.

या बदलाचा परिणाम केवळ विक्रीवर झालेला नाही. यंत्रातून येणारा स्वर अचूक असला तरी तो आयता असतो. तंबोरा जुळविताना विद्यार्थ्याच्या कानावर जो संस्कार होतो, तो आयत्या स्वरातून होत नाही. नवशिके तंबोरा हाताळेनासे झाले, तर बऱ्या-वाईट जवारीतील फरक ओळखणारे ग्राहकही कमी होतील, आणि असा ग्राहक नसेल तर कारागिराच्या कौशल्याला कस उरत नाही. मैफलींतून मात्र गायकामागे तंबोऱ्यांची जोडी आजही दिसते आणि जुन्या वाद्यांची दुरुस्ती, तारा बदलणे व जवारी काढणे ही कामे चालू आहेत.

सद्यस्थिती

उत्तम भोपळ्यांची उपलब्धता हवामानावर अवलंबून असल्याने ती अनिश्चित असते. घोडीसाठी पूर्वी वापरले जाणारे सांबरशिंग वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ व त्यातील दुरुस्त्यांमुळे वर्ज्य झाले असून हाड, कठीण लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरले जातात. हे काम शिकण्यास अनेक वर्षे लागतात, त्या मानाने उत्पन्न बेताचे असते. त्यामुळे तरुण पिढी अन्य व्यवसायांकडे वळते. भौगोलिक मानांकनामुळे मिरजेच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नव्हे. ते कौशल्य पुढील पिढीकडे जाणे हे शिकणारे आणि विकत घेणारे या दोघांवर अवलंबून आहे.

हे सुद्धा पाहा

तंबोरा
सतार
हार्मोनियम
किराणा घराणे
मिरज